पीएच.डी. कुठून करायची, हे उसाच्या फडात ठरलं

मी एका सहकारी साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी आहे. चौदा हंगाम झाले. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम ४९ मुळे माझी नेमणूक झाली. पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर असा अधिकारी नेमावा लागे, असं ते कलम सांगायचं. मिलमधला फिटर, बॉयलरवरचा माणूस, गोदामातला हमाल, हे सगळे माझ्या यादीत. त्यांचं कँटीन, त्यांची आजारपणं, अपघात झाला तर त्यांचे कागद, हे माझं काम. पण ज्यांच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत एक मोळी पडत नाही, ते ऊसतोड मजूर माझ्या यादीत नाहीत. त्यांचा व्यवहार मुकादमाशी, म्हणजे टोळीच्या प्रमुखाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी आणि वाहतूकदाराचा करार तोडणी-वाहतूक संस्थेशी. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कुठेच येत नाही.

माझे वडील याच कारखान्याच्या शेतकी विभागात चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणारे, होते. हंगामात रात्री घरी आले की त्यांच्या बोलण्यात चेअरमन कधी नसायचे, कार्यकारी संचालकही नसायचे. असायचे ते मुकादम. कुठल्या मुकादमाची टोळी टिकली, कुणाची निम्मी माणसं रातोरात उठून गेली, कुणाच्या फडात गाडी भरायला उशीर होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. वीस-पंचवीस माणसं, घरापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब, उघड्यावर, थंडीत, पाच महिने. त्यांना एकत्र धरून ठेवणारा माणूस नेमकं काय करतो? व्यवस्थापनाच्या वर्गात नेतृत्वावर सहा महिने शिकले, पण हा माणूस तिथे भेटला नाही.

म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायचं ठरवलं. ती कुठून करायची हे ठरवायला मात्र दीड वर्ष गेलं. त्यातले आठ-नऊ महिने मी भलत्याच गोष्टी बघत होते, ते आधी सांगते.

सुरुवात मी पदवीच्या नावापासून केली. ‘लीडरशिप’ हा शब्द नावात असलेला अभ्यासक्रम शोधायचा, असं मनात होतं. मोबाइलवर एकदा शोधलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका ऑनलाइन शिक्षण कंपनीचा मुलगा फार गोड बोलायचा. परदेशी विद्यापीठाची डॉक्टरेट, नोकरी सांभाळून, घरबसल्या, तीन वर्षांत, हप्त्यांची सोय. पहिल्याच फोनवर तो मला ‘डॉक्टर’ म्हणाला. खरं सांगते, तो शब्द कानाला बरा वाटला होता. रात्री मुलीला सांगितलंही. ती दहावीत होती. तिने विचारलं, “पण आई, तुझा गाइड कोण?” दुसऱ्या दिवशी त्या मुलाला तेच विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, पैसे भरल्यावर अलॉट होतो.”

मग नियम वाचायला बसले. यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च शिक्षणाच्या दोन नियामक संस्थांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्येच सूचना काढली होती की, अशा कंपन्या परदेशी संस्थांच्या सोबतीने ज्या ऑनलाइन पीएच.डी. देतात त्यांना मान्यता नाही. त्यानंतर लगेच, ७ नोव्हेंबर २०२२ ला, पीएच.डी.चे नवे नियम आले आणि त्यांतही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येणार नाही असं लिहिलेलं आहे. डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, ही वेगळी पदवी आहे. उद्योगात वरच्या पदावर असणाऱ्यांना ती उपयोगी पडत असेल, मी तिला नावं ठेवत नाही. पण ज्यांना पुढे कॉलेजात शिकवायचं आहे त्यांनी ती पीएच.डी. समजून घेऊ नये. आणि पैसे भरण्याआधी ते नियम स्वतः वाचा. साध्या भाषेत आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. मी ते आधी वाचले असते तर माझे तीन महिने वाचले असते.

मोठ्या संस्थांचा विचार केला नाही असं नाही. आयआयएम २०१७ च्या कायद्यानंतर पीएच.डी. देऊ लागल्या, त्याआधी तिथे ‘फेलो’ म्हणत. तिथे नेतृत्वाचा अभ्यास ऑर्गनायझेशनल बिहेवियर नावाच्या शाखेत येतो. आयआयटी मुंबईत शैलेश मेहता स्कूल आहे, मुंबईतच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, जिथे कामगार आणि व्यवस्थापन हे दोन्ही विषय एका छताखाली शिकवतात. माझं मन मात्र आणंदच्या इर्मा या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेवर बसलं होतं. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभी केलेली, सहकाराच्या मातीतली संस्था. २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं, अमूलच्या त्रिभुवनदास पटेल यांच्या नावाने. माझा विषय तिथे शोभला असता. पण मला पूर्णवेळ जाणं शक्य नव्हतं. घरात सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. तुमचं वय पंचविशीचं असेल आणि घरचं ओझं अजून खांद्यावर आलेलं नसेल तर पूर्णवेळच करा. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या अधिछात्रवृत्तीचे महिना ३७ हजार मिळतात, आणि सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. माझ्यापुरता तो दरवाजा बंद होता आणि त्याचं दुःख मी दोन दिवस करून घेतलं.

राहिलं आपल्याकडचं राज्य विद्यापीठ, अर्धवेळ. २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला जागा आहे. नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत पत्र हवं, आणि त्यात तीन गोष्टी लिहून हव्यात: कर्मचाऱ्याला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे. पास व्हायला पन्नास टक्के, राखीव गटांना पाच टक्क्यांची सवलत. निवडीत परीक्षेला सत्तर आणि मुलाखतीला तीस टक्के वजन. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवरही पीएच.डी.ला जाता येतं. मी विद्यापीठाचीच परीक्षा दिली आणि पास झाले. मला वाटलं, झालं, आता कागद भरायचे.

खरी निवड तिथून पुढे होती, कारण आता गाइड शोधायचा होता.

पहिल्या सरांकडे गेले ते त्यांचं नाव मोठं म्हणून. वाणिज्य शाखेत त्यांचे विद्यार्थी जिल्ह्याजिल्ह्यात प्राध्यापक झालेत. त्यांनी चहा पाजला, विषय न ऐकताच “करू या की” म्हणाले, आणि मी पेढे घेऊन घरी आले. दोन महिन्यांनी विद्यापीठात कळलं की सरांना निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत आणि ज्यांच्या सेवेला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे सरांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण विचारायला मीही गेले नाही, आदरापोटी. गाइडचं वय विचारणं उद्धटपणाचं वाटतं आपल्याला. विचारा. आपल्याकडे कॉलेजचे प्राध्यापक साठीला निवृत्त होतात, तेव्हा हिशेब सोपा आहे. आणि त्यांच्याकडे जागा किती भरल्यात तेही विचारा: प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार, त्याहून जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत.

दुसऱ्या सरांकडे जागा होती, वयही होतं. त्यांनी माझं दोन पानी टिपण वाचलं आणि म्हणाले, “मुकादम वगैरे सोडा. हा मॅनेजमेंटचा विषय नाही, तो समाजशास्त्राचा. तुम्ही असं करा, साखर कारखान्यांतल्या कर्मचाऱ्यांचं समाधान आणि वरिष्ठांची नेतृत्वशैली. तीनशे प्रश्नावल्या भरून घ्या, एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये टाका, अडीच वर्षांत मोकळ्या.” त्यांनी बर्नार्ड बास या अमेरिकी अभ्यासकाची नेतृत्वशैली मोजणारी प्रश्नावलीही दाखवली. पंचेचाळीस वाक्यं असतात तिच्यात, आणि प्रत्येक वाक्यापुढे आपला वरिष्ठ तसं किती वेळा वागतो त्याचा आकडा लिहायचा. जगभर वापरतात, चांगलं साधन आहे. सर वाईट हेतूने बोलत नव्हते. माझ्यासारख्या नोकरदार बाईची लवकर सुटका व्हावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. घरी येताना एसटीत मी जवळजवळ तयार झाले होते. विषय नंतर कधीतरी करू, आधी पदवी पदरात पाडून घेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकी विभागाच्या जीपमधून मी एका फडावर गेले. जानेवारीचा महिना. टोळीतल्या एका बाईच्या पायावर कोयता लागला होता, आणि माझ्या यादीत नसली तरी टाके घालायला कुणीतरी न्यायला हवं होतं. तिला दवाखान्यात पाठवलं आणि जीप परत येईपर्यंत मी बांधावर बसून राहिले.

को ८६०३२ या जातीच्या उसाचा फड होता, आणि पूर्वेकडचा जवळपास अर्धा एकर ऊस लोळलेला. ज्यांनी तोडलाय त्यांना माहीत आहे, पडका ऊस तोडायला दुप्पट वेळ जातो, हात कापतात, मोळी नीट बांधली जात नाही, आणि पैसे मात्र टनावरच. टोळीत दहा कोयते होते, म्हणजे दहा जोड्या. मुकादम काठी घेऊन पाती, म्हणजे प्रत्येक जोडीने तोडायचे उसाचे पट्टे, वाटत होता. मी सहज बघायला लागले आणि बघतच राहिले. सगळ्यात वाईट पात त्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला दिली. भावाची बायको काहीतरी पुटपुटली, त्याने तिकडे बघितलंही नाही. दुसरी पडकी पात त्याने स्वतःच्या जावयाला लावली. मग उरलेला लोळलेला भाग तीन कोयत्यांत तोडून वाटला, प्रत्येकाला थोडा पडका, थोडा उभा. एक बाई सात महिन्यांची गरोदर होती. तिच्या नवऱ्याला त्याने गाडीवाटेच्या कडेची पात दिली, म्हणजे मोळ्या डोक्यावरून लांब वाहायला नकोत. आणि ज्या जोडप्यातली बाई आत्ता टाके घालायला गेली होती त्या माणसाला पात न देता गाडी भरायच्या कामाला लावला. हे सगळं दहा मिनिटांत झालं. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कुणी न्यायचं तेही ठरलं: जखमी बाईच्या बैलांना आज सगळ्यांच्या वाट्यातला एकेक भारा.

मी त्याला विचारलं, भावाला का घातलंत पडक्यात? तो म्हणाला, “ताई, माणूस उचलीनं येतंय. पर राहतंय ते पात कशी वाटली त्याच्यावर. भाऊ गप बसला की बाकीचे नव्वद टक्के गप बसत्यात.”

तो मुकादम कुणी संत नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या टोळीतल्या मुकादमाने उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, फिटली नाही म्हणून एका कुटुंबाला गावी मयतीलाही जाऊ दिलं नव्हतं, आणि त्या बाईचं रडणं मी अजून विसरलेले नाही. दोघंही मुकादम, दोघांच्याही हातात तोच करार, तीच उचल. मग एकाची टोळी विश्वासावर चालते आणि दुसऱ्याची धाकावर, हा फरक कुठून येतो? त्या पंचेचाळीस वाक्यांत पडका ऊस कुठे बसवायचा ते मला कळेना. माझा प्रश्न सोडून मिळालेली पदवी मला नको होती. जीपमध्ये बसतानाच मी त्या सरांना नम्रपणे नाही म्हणायचं ठरवलं.

त्यानंतर मी जे केलं ते खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शोधगंगा उघडली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ते भांडार आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. मी विद्यापीठांच्या नावाने शोधलं नाही, गाइडच्या नावाने शोधलं. रोज रात्री जेवणं आवरल्यावर एक प्रबंध. आधी ऋणनिर्देश वाचायचा, मग निष्कर्ष, मग संदर्भसूची, आणि सगळ्यात शेवटी परिशिष्टातली प्रश्नावली. एका गाइडच्या सहा विद्यार्थ्यांचे सहा प्रबंध उघडले तर सहाही प्रश्नावल्या जवळपास सारख्या. फक्त बँकेच्या जागी हॉस्पिटल, हॉस्पिटलच्या जागी आयटी कंपनी. तिथे माझं काय होणार ते कळायला आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती. सहकारातल्या नेतृत्वावर जे सापडलं ते बहुतेक वरच्या माणसांवरचं. विठ्ठलराव विखे, वसंतदादा, तात्यासाहेब कोरे, म्हणजे सहकारी साखर कारखाने उभारणारे पुढारी. त्यांच्यावर लिहायलाच हवं, प्रवरेचा कारखाना त्यांच्या पिढीने उभा केला म्हणून आज माझी नोकरी आहे. ऊसतोड मजुरांवरही काम झालंय, स्थलांतरावर, कर्जावर, बायकांच्या आरोग्यावर. पण मुकादमाकडे माणसं चालवणारा माणूस म्हणून बघणारं मला फार थोडं मिळालं.

आणि मग एक प्रबंध सापडला, नागरी पतसंस्थांमधल्या शिपायांवरचा. चौथ्या प्रकरणात एक शिपाई संचालकांच्या बैठकीत चहा कुणाला आधी देतो यावर तीन पानं होती. ती तीन पानं मी दोनदा वाचली. गाइडचं नाव बघितलं. एका तालुक्याच्या कॉलेजातल्या बाई, असोसिएट प्रोफेसर. कॉलेजला मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे. नाव फार कुणाला माहीत नाही.

मॅडमना पत्र लिहिलं, त्यांनी बोलावलं. त्यांनी माझा बायोडेटा बाजूला ठेवला आणि विचारलं, “तुम्हाला काय सिद्ध करायचंय ते नको. तुम्ही काय बघितलंय ते सांगा.” मी पडक्या उसाचं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग त्यांनी पाटण्याच्या जय बी. पी. सिन्हा यांच्याबद्दल सांगितलं. आपल्याकडचा प्रमुख आधी माया लावतो आणि त्या मायेच्या बदल्यात काम मागतो, असा विचार त्यांनी १९८० च्या सुमारास भारतीय संस्थांचा अभ्यास करून मांडला होता. “आधी हे वाचा, मग बासकडे जा. आणि शेवटी दोघंही मुकादमाला पुरत नाहीत असं निघालं तर तेही लिहायची तयारी ठेवा.” मी त्यांना माझ्या यादीतले सगळे प्रश्न विचारले. वय बावन्न. सहापैकी एक जागा रिकामी. मुलाखती मराठीत आणि काही गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, होतील, त्यांतली वाक्यं मूळ भाषेत प्रबंधात ठेवता येतील का? हो, खाली इंग्रजी भाषांतर द्यायचं.

शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, “माझ्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना फोन करा. मी इथे नसताना.” मी दोघींना केला. एक म्हणाली, मॅडम कडक आहेत, पहिलं प्रकरण चार वेळा लिहायला लावलं. दुसरी म्हणाली, काहीही दिलं तरी तीन आठवड्यांत लाल पेनने भरून परत येतं. माझ्यासाठी या दोन वाक्यांचं मोल कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त होतं. सहा वर्षं एखाद्या माणसाच्या हातात द्यायची, तर तो माणूस आपलं लिहिलेलं वाचतो की नाही, एवढं तरी आधी माहीत हवं.

वेळेचं गणितही तिथेच बसलं. पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुढे दोनची मुदतवाढ मागता येते, आणि बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशनातल्या नीतीचा एक विषय. मॅडमच्या केंद्रावर ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर होतं, म्हणजे गाळप संपल्यावर. हंगामात मला फडावरच असायचंय. कार्यकारी संचालकांकडे ना हरकत पत्राला गेले तेव्हा हेच कॅलेंडर समोर ठेवलं. त्यांनी वाचलं, शेतकी अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं आणि विचारलं, “मुकादमांवर अभ्यास? काय निघेल त्यातून?” शेतकी अधिकारी म्हणाले, “साहेब, दरवर्षी किती टोळ्या अर्ध्यातून जातात ते बघा.” साहेबांनी सही केली. सहा वर्षांची फी मिळून माझ्या दोन पगारांत बसते. त्या ऑनलाइन डॉक्टरेटचा एक हप्ताही त्याहून मोठा होता.

नोंदणी होऊन आता एक वर्ष झालं. कोर्सवर्क पार पडलं. दसऱ्याच्या आधी, उचल वाटायच्या दिवसांत, मी बीड जिल्ह्यात त्या मुकादमाच्या गावी जाऊन आले. संशोधनाचं संमतिपत्र त्याला वाचून दाखवलं: तुमचं नाव, गाव, टोळी कुठेही येणार नाही, सगळं गुप्त ठेवलं जाईल. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला.

“म्हंजी नाव येणार नाही?”

“नाही. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

“ताई, तीस वर्षं टोळी नेतोय. कारखान्याच्या कुठल्याच कागदावर माझ्या माणसांचं नाव नाही. तुमच्याबी नसंल, तर मग तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?”

मी सही न घेता कागद पिशवीत ठेवला. पुढच्या महिन्यात सल्लागार समितीपुढे माझं सहामाही सादरीकरण आहे. मॅडम म्हणाल्या, त्याचं हे वाक्य पहिल्या स्लाइडवर टाका आणि समितीलाच विचारू.